तिसऱ्या खुर्चीवरचे भागधारक

भागधारकांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही वाचतो कोण? चहावाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे त्यांना भागधारकच म्हणायचे आणि तेही मुकाट ओ द्यायचे. आमच्या मालिकेत एक गडगंज घराणं आहे. बाप अंथरुणाला खिळलेला, आणि कंपनी कोणाच्या हाती जायची यावरून दोन भाऊ नि एक बहीण अकरा वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेत. जवळजवळ रोज संचालकांची बैठक होते, कोणीतरी कोणाचा तरी काटा काढतो, लांबलचक टेबलावर फाइल आपटली जाते. त्या टेबलाशी सात खुर्च्या. उजवीकडून तिसरी भागधारकांची. अकरा वर्षं ते त्या खुर्चीवर बसले आणि अकरा वर्षांत तोंडातून ब्र काढला नाही.

काढायचा नसतोच. गर्दीतला माणूस एक शब्द बोलला की तो कलाकार ठरतो, मग करार वेगळा, जेवायचं टेबल वेगळं, शेवटी पडद्यावर नाव. निर्मात्याला ती भानगड नको असते. पण बैठकीत माणसं पुतळ्यासारखी बसली तर बघणाऱ्याला खटकतं. म्हणून आमच्या धंद्यात मुकं बोलणं असतं. ओठ हलवायचे, मान डोलवायची, शेजारच्याच्या कानात कुजबुजायचं, हसायचंसुद्धा, पण घशातून आवाज काढायचा नाही, कारण पुढे नायिका बोलत असते. भागधारक यात उस्ताद. नवीन आलेल्यांना तेच शिकवायचे, "श्वास आत ठेवायचा, शब्द फक्त ओठांवर आणायचा." एकदा मी दुरून बघत होतो, तर मला वाटलं काहीतरी गंभीर चाललंय यांचं. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाले, "पाढे म्हणत होतो. एकोणतीसवर अडलो."

आता मी कोण, तर त्या मालिकेचा आवाज घेणारा. कानांवर हेडफोन, मांडीवर यंत्र, आणि कपाळावर आठ्या. आठ्या जन्माच्या नाहीत, या धंद्यानं दिल्या. कंपनीचं ऑफिस मालिकेत सत्तेचाळिसाव्या मजल्यावर आहे. खरं तर ते एक जुनं बिस्किटांचं गोदाम आहे, तळमजल्यावर, वर पत्रा. कावळा बसला तरी मला ऐकू येतं. विमान गेलं, ट्रक मागे घेतला, कोणाच्या बांगड्या वाजल्या, की मी हात वर करायचा आणि म्हणायचं, "आवाजासाठी अजून एक." मग सगळे माझ्या नावानं बोटं मोडत पुन्हा सुरू करायचे. तेवढा एक अधिकार मला होता. दिग्दर्शकानं कितीही नाक मुरडलं तरी तो अधिकार त्यानं कधी मोडला नव्हता.

तर त्या तिसऱ्या खुर्चीनं माझा जीव खाल्ला होता. भागधारक बसले की ती करकरायची. एकदाच, पण लांबलचक. मी सुताराला म्हटलं, उद्याच्या उद्या हिला तेल घाल, नाहीतर मी हिला जाळतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भागधारक माझ्याजवळ आले. निळा सूट, केस चापून बसवलेले, हातात घरचा डबा.

"साउंडसाहेब, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला की. तुम्ही बोलताय हीच बातमी आहे."

"तेवढी खुर्ची राहू द्या. घरी मला त्यावरून ओळखतात."

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हणून संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी गेलो, खरंखोटं करायला. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना अरुंद. दारात त्यांची बायको उभी होती. आमच्या पावलांवरूनच तिनं ओळखलं की दोघं आहेत. डोळ्यांतला दाब वाढत वाढत गेला आणि सहा वर्षांपूर्वी वहिनींची नजर पूर्ण गेली. त्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची काज-बटणं करायच्या, डोळे गेल्यावरही करत राहिल्या. बोटांनी चाचपून सुई ओवायच्या. मला दोनदा जमली नाही ती सुई त्यांनी एका दमात ओवली आणि म्हणाल्या, "तुम्ही चष्मा लावा हो."

आठ वाजता टीव्ही लागला. वहिनी मांडीवर शर्ट घेऊन बसल्या, कान टवकारून. आणि अकरा वर्षं त्या आवाजांचा धनी म्हणून मिरवणाऱ्या मला त्या बाईनं माझंच काम सांगितलं. "हे काचेचं दार. हा धाकटा आला, त्याचे बूट जमिनीला टोचतात. आता थोरला पाणी पिणार, खोटं बोलायच्या आधी पितो तो." मग टीव्हीतून करकर आली. वहिनींचा हात थांबला. चेहरा असा फुलला की मी बघतच राहिलो. "हे बसले," त्या म्हणाल्या.

भागधारक शेजारीच बसले होते, पायजम्यात, खाली मान घालून. लाजले होते चक्क.

सूट कुठून आला तेही त्या दिवशी कळलं. पूर्वी ते कापडाच्या दुकानात होते, सुटाचं कापड मापून द्यायचे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सुटांचं कापड फाडलं. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं उरलेल्या तुकड्यातला एक सूट शिवून दिला. त्याच महिन्यात आमच्याकडे संचालक शोभतील अशी माणसं हवी होती, आणि गर्दीतल्यांनी कपडे आपले आणायचे असतात. "माझ्या सुटाला नोकरी लागली," ते म्हणायचे, "मी नुसता सोबत जातो."

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यांचा आवाज येतो, तेवढा आमच्याच माणसाचा येत नाही. अहो, ज्यांना दिसतं त्यांना हे दिसतात. मला काय, करकर. एकदा तरी बोलू द्या की यांना. एक शब्द बोलले तरी चालेल."

मी तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण दुसऱ्या दिवशी मी लेखिकेच्या कानावर घातलं. ती हसली आणि विसरली. सात महिन्यांनी ती मोठं वळण आणणारा भाग लिहीत होती. कंपनी थोरल्याला जाणार की बहिणीला, यावर मतदान. तीन मतं इकडे, तीन तिकडे. सातवं मत कोणाचं ठेवावं म्हणजे बघणाऱ्यांची झोप उडेल? अकरा वर्षं गप्प बसलेल्या माणसाचं! तिलाच ती कल्पना सुचली असं ती सगळ्यांना सांगत होती, सांगू दे. वाक्य असं होतं: "माझं मत ताईंना."

तीन शब्द. पण त्या तीन शब्दांनी त्या घरात जी गडबड उडवली, विचारू नका. भागधारक चार दिवस जिन्यात, न्हाणीघरात, बसमध्ये तेच म्हणत होते. वहिनी घरी तालीम घ्यायच्या. "एवढं जोरात नको, भांडताय का? एवढं हळू नको, मला ऐकू यायला पाहिजे." त्यांनी सुटाची सगळी बटणं उसवून नवीन दोऱ्यानं लावली. भाग दाखवतील त्या दिवशी शिंपीणबाईंना वर बोलवायचं, समोरच्या बिऱ्हाडाला बोलवायचं, सगळं ठरलं.

आणि शूटिंगच्या दिवशी सकाळी माझं नि दिग्दर्शकाचं वाजलं. पत्र्यावर काहीतरी टकटक होत होती म्हणून मी तीनदा टेक मागितला. चौथ्यांदा हात वर केला तर तो सगळ्यांसमोर ओरडला, "तुमच्या कानांची तपासणी करून घ्या, नाहीतर घरी बसा!" नायिका हसली. मेकअपवाला हसला. माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, बरं. आज मी काही मागत नाही. येऊ दे विमान, येऊ दे रणगाडा, मी हात वर करणार नाही. भोगा तुमच्या कर्माची फळं.

भोगली कोणी, ते पुढे येतंच.

मतदानाचा प्रसंग शेवटी ठेवला होता. शिफ्ट संपायला दहा मिनिटं, थोरल्याची भूमिका करणारा घड्याळ बघतोय. सहा मतं झाली. कॅमेरा सरकत सरकत तिसऱ्या खुर्चीवर आला. भागधारकांनी मान वर केली. काय चेहरा होता तो! अकरा वर्षांचं मौन मोडणारा माणूस कसा दिसेल, तसाच. ओठ हलले. माझं मत ताईंना. मी ते ओठांवर वाचलं.

हेडफोनात काहीच नव्हतं.

एक शब्द नाही. श्वास आत, शब्द ओठांवर. अकरा वर्षांची सवय ऐन वेळी आली आणि त्यांच्या घशावर बसली. आणि त्यांना पत्ताच नाही! आपण खणखणीत बोललो असंच त्यांना वाटलं. डोक्यात तर ते वाक्य चार दिवस वाजत होतं.

"कट! वा, भागधारक, वा! काय चेहरा दिलात!" दिग्दर्शक खूश. मग माझ्याजवळ येऊन, टेबलापर्यंत जाणार नाही अशा हळू आवाजात, "आवाज?"

मी तसंच हळू म्हटलं, "आवाज नाही आला."

"डबिंगला घेऊ?" तो विचारत होता. विचारत होता, लक्षात घ्या. मी नुसता हात वर केला असता, तर आणखी एक टेक झाला असता. दहा मिनिटं होती, तीन शब्द होते. पण मी सकाळचा फुगून बसलेला. म्हटलं, "घ्या ना. माझे कान नाहीतरी खराब आहेत."

आमच्याकडे प्रसंग संपला की अर्धं मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी गप्प राहायचं असतं. मी रिकाम्या खोलीचा आवाज घेतो, पुढे जोडकामाला लागतो. शांतता झाली, यंत्र चालू, आणि त्या शांततेत अकरा वर्षं हूं की चूं न केलेले भागधारक खुर्चीवरून उठून सरळ माझ्याजवळ आले. डोळे चमकत होते. म्हणाले, "साउंडसाहेब, आला ना माझा आवाज?"

मी म्हटलं, "आला हो, आला. गप्प बसा आता."

हेच ते. माझ्या आयुष्यात मी खोटं बरंच बोललोय, पण त्यातलं हे एक मला अजून टोचतं.

डबिंग करणाऱ्या स्टुडिओत एक जाडजूड गृहस्थ आहे, किरकोळ आवाज सगळे तोच देतो. त्या दिवशी त्यानं दोन वॉचमन, एक डॉक्टर आणि आमचे भागधारक असे चार उरकले. मी तिथे जाऊन म्हणू शकलो असतो, थांबा, खऱ्या माणसाला बोलावू. सुचलं नाही असं नाही. जिवावर आलं.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळचं मला शिंपीणबाईंनी नंतर सांगितलं. खोलीत अकरा माणसं. वहिनींनी चांगलं लुगडं नेसलेलं, टीव्हीला जवळजवळ कान लावून. एकेक मत झालं. मग "माझं मत ताईंना" असं कोणीतरी घोगऱ्या आवाजात बोललं आणि ढोल-ताशांसारखं संगीत वाजलं. समोरच्या बिऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना भागधारकांचा चेहरा दिसला. भागधारक मात्र पांढरे पडले. वहिनी तशाच बसून. भाग संपला, जाहिराती लागल्या, तरी कान टीव्हीकडेच. सगळे गेल्यावर भागधारक म्हणाले, "माझं कापलं वाटतं, वाक्य दुसऱ्यालाच दिलं." वहिनी म्हणाल्या, "हो, कापलं असेल. ऐन वेळी बदललं असेल." आणि चहा ठेवायला गेल्या. हे शिंपीणबाईंनी ऐकलं, त्या कप विसळायला थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भागधारक माझ्यापुढे उभे राहिले. मी वाट बघत होतो की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणालात, आला."

"नव्हता आला," मी म्हटलं. "तुम्ही फक्त ओठ हलवलेत."

 त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला, तिथे काही अडकलंय का ते चाचपतात तसा. "मलाच कळलं नाही," म्हणाले. आणि हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता. "घरी मी कापलं म्हणून सांगितलंय. तुम्ही कुठे बोलू नका."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "तुम्हाला मी पुन्हा एक वाक्य मिळवून देतो. लेखिकेच्या दारात जाऊन बसतो." बसलोही. तिनं कबूल केलं, ताई खुर्चीवर आल्या की भागधारक उठून "अभिनंदन" म्हणतील. एकच शब्द, पण खणखणीत. तारीखही ठरली होती.

त्या तारखेच्या नऊ दिवस आधी भागधारक दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वहिनी शेजारीच बटणं लावत होत्या. श्वास कधी थांबला ते त्यांना ऐकू आलं नाही. एवढे तिखट कान, आणि नेमकं तेच निसटलं म्हणून त्या स्वतःला किती बोल लावत होत्या! आम्ही सेटवरचे चौघं पोचवायला गेलो. निळा सूट भिंतीवर टांगलेला होता.

मालिका काही थांबत नाही. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसला, राखाडी सूट घालून. मी हेडफोनात ती करकर ऐकली आणि तोंड फिरवलं. बाकी कोणाच्या काही लक्षातही आलं नाही.

महिन्याभरानं शिंपीणबाई गोदामाच्या फाटकाशी आल्या. वहिनींचा निरोप होता, एवढाच: "भाऊजींना म्हणावं, आता त्या खुर्चीला तेल घाला."

 मी इतका कसा मूर्ख! ती बाई रोज आठ वाजता टीव्ही लावत होती. रोज ते काचेचं दार, रोज ते बूट, आणि मग करकर. रोज तिचा नवरा खुर्चीवर येऊन बसत होता.

मी तेलाची बाटली आणून स्वतः गुडघ्यावर बसलो आणि खुर्चीचे सांधेन् सांधे भिजवले. मग यंत्र उघडलं. आमच्याकडे झालेल्या भागांचे आवाज महिन्या-दोन महिन्यांत पुसतात, जागा पुरत नाही. पण रिकाम्या खोल्यांचे आवाज मी कधी पुसत नाही, ते केव्हाही लागतात. मतदानाच्या दिवशीचं ते अर्धं मिनिट 'खराब' म्हणून बाजूला टाकलेलं होतं. लावला. पत्र्याची बारीक गुणगुण, आणि मग ते. स्वच्छ, भरदार, किंचित थरथरता आवाज. अकरा वर्षांत यंत्रात उतरलेला त्यांचा तेवढाच आवाज.

त्याच्यामागून माझं ते "आला हो, आला" होतं. तेवढं मी कापून टाकलं. खोटं होतं ते. त्या जागी रिकाम्या खोलीचा आवाज जोडला.

वहिनींच्या घरी गेलो तेव्हा टीव्ही बंद होता, वर फडकं घातलेलं. मी आधी सगळं ओकून मोकळा झालो. ओठ हलले ते, माझा राग, मी न उचललेला हात, माझं खोटं. वहिनी सुई थांबवून ऐकत होत्या.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी खुर्ची करकरली. खुर्ची यांची आणि आवाज परक्याचा. पण हे म्हणाले कापलं, मी म्हटलं हो. जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं, मला कळलं नाही. विचारायला पाहिजे होतं मी. दोघं मिळून रडलो तरी असतो."

 मी हेडफोन काढले आणि त्यांच्या कानांवर ठेवले. दुसरी जोडी माझ्या कानांवर. यंत्र चालू केलं.

खोलीची गुणगुण. पावलं. मग, "साउंडसाहेब, आला ना माझा आवाज?"

वहिनींनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. पुढची जागा रिकामी होती. मीच रिकामी केलेली.

"आला," त्या म्हणाल्या. "आला हो. ऐकला मी."

मग थोड्या वेळानं त्यांनी माझ्या दिशेनं हात पुढे केला आणि म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावलं. भागधारकांनी विचारलं, वहिनींनी सांगितलं, आला. अंधार पडेपर्यंत मी लावत होतो आणि प्रत्येक वेळी त्या उत्तर देत होत्या.